परवाना आणि पुरावा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

माझा वाढदिवस एक जूनला असतो. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांचा असेल. आमच्या वर्गात एक जूनला जन्मलेली इतकी मुलं होती, की त्या दिवशी गावातल्या सुईणींना जेवायला तरी वेळ मिळाला असेल का, असा प्रश्न पडावा. खरी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप मुलाला हाताला धरून आणायचा, जन्मतारीख माहीत नसायची आणि गुरुजी नियमात बसेल अशी तारीख लिहून टाकायचे. माझी अम्मा सांगायची, 'तू झालास तेव्हा ताबूत बसले होते आणि शाळूची काढणी चालली होती.' म्हणजे मी जूनचा नव्हेच. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जून आहे, बीएच्या प्रमाणपत्रामागे तोच दाखला आहे, आणि आता मीसुद्धा एक जूनलाच वाढदिवसाचे फोन घेतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो अमेरिकेत संगणकाचं काम करतो. तिकडे गेल्यावर काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. 'मामू, लायसन्स मिळालं नाही.' मी म्हटलं, 'अरे, तू तर इथं दहा वर्षं गाडी चालवत होतास. परीक्षेत नापास झालास काय?' तो म्हणाला, 'परीक्षेपर्यंत पोचलोच नाही. आधी लीगल प्रेझेन्स सिद्ध करायचा असतो.'

लीगल प्रेझेन्स म्हणजे कायदेशीर उपस्थिती. हा शब्द ऐकून मला शाळेतली हजेरी आठवली. हजेरीत निदान 'हजर' म्हटलं की काम भागायचं. इथं मुलगा खिडकीसमोर उभा आहे, श्वास घेतो आहे, तरी तो हजर आहे हे कागदानं सांगायचं. त्याच्याकडे कागदही होते. पासपोर्ट होता, व्हिसा होता, देशात प्रवेश केल्याची नोंद होती, भाडेकरार होता, बँकेचं पत्र होतं. पण प्रवेशाच्या नोंदीत त्याचं नाव आणि वडिलांचं नाव चिकटून एक झालं होतं, पासपोर्टवर ते वेगळं होतं. खिडकीतल्या बाई उद्धट नव्हत्या. त्यांचा संगणक 'हो' म्हणत नव्हता, एवढंच.

तेव्हापासून मी या परवान्याच्या इतिहासाच्या मागे लागलो. कवीला असले उद्योग सुचतात. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की गाडी चालवण्याच्या परवान्यानं माणसाला गेल्या सव्वाशे वर्षांत एकामागून एक चार प्रश्न विचारले आहेत. पहिला, तुला गाडी चालवता येते का? दुसरा, तुझं वय काय? तिसरा, तू कोण? आणि चौथा, तू इथं कोणाच्या परवानगीनं आहेस? या चौथ्या प्रश्नाशी माझा भाचा अडला होता.

अगदी सुरुवातीला तर पहिलाही प्रश्न नव्हता. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली. तिच्या आवाजाच्या आणि धुराच्या तक्रारी होऊ लागल्या, म्हणून १८८८ साली त्यांनी बाडेनच्या सरकारकडून रस्त्यावर गाडी चालवण्याची लेखी परवानगी घेतली. पुष्कळ जण त्यालाच जगातला पहिला परवाना मानतात. पुढे पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली वाहन चालवणाऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती केली. इंग्लंडमध्ये १९०३ चा मोटार कायदा आला. पाच शिलिंग भरले की परवाना मिळायचा. परीक्षा नव्हती. ती सक्तीची झाली १९३५ साली, आणि तारीख कोणती म्हणाल? एक जून! आमच्या गुरुजींची तारीख इंग्लंडातही चालत होती म्हणायची.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरी या दोन राज्यांनी १९०३ साली परवाना सुरू केला. तिकडे हा विषय केंद्र सरकारचा नाही, राज्यांचा आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याची चाल वेगळी. ऱ्होड आयलंडनं १९०८ मध्ये परीक्षा घ्यायला सुरुवात केली, तर साउथ डकोटासारख्या शेतीवाडीच्या राज्यात १९५४ पर्यंत परवानाच लागत नव्हता आणि परीक्षा त्यानंतर पाच वर्षांनी आली. त्या काळातला परवाना म्हणजे कागदाचा एक कपटा. त्यावर नाव, उंची, डोळ्यांचा रंग. फोटो नाही. कॅलिफोर्नियानं १९५८ च्या सुमारास फोटो लावायला सुरुवात केली आणि कागदाच्या त्या कपट्याचं हळूहळू ओळखपत्र झालं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अमेरिकेत आपल्या आधारसारखं राष्ट्रीय ओळखपत्र नाही. सरकारनं प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र द्यावं, ही कल्पनाच तिथल्या डाव्या-उजव्या दोघांनाही खपत नाही. पण माणसाला कुठंतरी ओळख दाखवावी लागतेच. बँकेत चेक वटवायचा, हॉटेलात खोली घ्यायची, घर भाड्यानं घ्यायचं. मग प्रत्येकाच्या खिशात जो तुकडा असतो तोच पुढे केला जाऊ लागला. १९८४ साली मद्यपानाचं किमान वय एकवीस करण्यासाठी केंद्रानं राज्यांना भाग पाडलं, आणि दुकानदार वय बघण्यासाठी लायसन्स मागू लागले. १९९३ च्या कायद्यानं लायसन्सच्या कचेरीतच मतदार नोंदणीची सोय झाली. १९९६ च्या कायद्यानं परवान्याच्या अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबर नोंदवणं आलं. राष्ट्रीय ओळखपत्र नको म्हणणाऱ्या देशात गाडीचा परवानाच ओळखपत्र होऊन बसला. ठरवून कोणी केलं नाही. गरजेगरजेनं ते झालं.

चौथा प्रश्न आला तो कॅलिफोर्नियातून. तिथं १९९३ साली कायदा झाला, की १ मार्च १९९४ पासून नवा परवाना मागणाऱ्यानं देशात कायदेशीर राहत असल्याचा पुरावा द्यावा. ते मंदीचे दिवस होते. स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कागदपत्रं नसलेल्यांना शाळा आणि सरकारी दवाखाने बंद करणारा एक प्रस्ताव तिथल्या मतदारांनी मंजूर केला. पुढे न्यायालयानं तो अडवला. पण परवान्याचा नियम राहिला. बागेत आणि शेतात राबणारे, हॉटेलातली भांडी घासणारे लाखो मजूर परवान्याशिवाय गाडी चालवत राहिले, कारण तिथल्या गावांना बस नव्हती आणि पोट घरी बसू देत नव्हतं.

मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. त्या हल्ल्यातल्या एकोणीस जणांपैकी एक सोडून सगळ्यांनी अमेरिकेत कोणतं ना कोणतं ओळखपत्र मिळवलं होतं, काहींनी लबाडीनं. चौकशी आयोगानं २००४ च्या अहवालात सांगितलं, की जन्मदाखले आणि परवाने यांच्यासाठी केंद्रानं एकच कसोटी ठरवावी. त्यातून ११ मे २००५ रोजी 'रियल आयडी' कायदा झाला. इराक-अफगाणिस्तानातल्या युद्धाचा खर्च आणि त्सुनामीग्रस्तांना मदत अशा तातडीच्या खर्चाच्या विधेयकाला तो जोडून दिला होता. अशा विधेयकाला विरोध कोण करणार?

या कायद्यानं राज्यांना सांगितलं, की तुमचा परवाना विमानतळावर आणि केंद्राच्या कचेरीत चालायला हवा असेल तर देण्याआधी इतक्या गोष्टी तपासा: फोटोचं किंवा ओळखीचं अस्सल कागदपत्र, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर किंवा तो मिळत नसल्याचा पुरावा, राहण्याचा पत्ता, आणि नागरिकत्व किंवा कायदेशीर वास्तव्य. नागरिकानं पासपोर्ट नाहीतर जन्मदाखला आणायचा. कायम वास्तव्य असणाऱ्यानं ग्रीन कार्ड. आमच्या भाच्यासारख्यानं आपल्या देशाचा पासपोर्ट, चालू व्हिसा आणि प्रवेशाची नोंद. मग ती माहिती केंद्राच्या यंत्रणेशी ताडून पाहायची. सगळं जुळलं तर कार्डावर एक छोटी चांदणी उमटते.

खर्चाच्या आणि खासगीपणाच्या मुद्द्यावर राज्यांनी तक्रारी सुरू केल्या. मेन राज्याच्या विधिमंडळानं २००७ च्या जानेवारीत या कायद्याविरुद्ध ठराव केला, पाठोपाठ इतरांनी केले. २००८ ची मुदत पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली, मग महामारी आली. अखेर ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासासाठी हा नियम लागू झाला. कायदा होऊन त्याला वीस वर्षं होत आली होती. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपल्याकडेच म्हणतात असं नाही.

मी भाच्याला म्हटलं, 'हे सगळं परदेशी माणसासाठी केलेलं दिसतं.' तर तसंही नव्हतं. या नियमानं अमेरिकेतलीच पुष्कळ माणसं अडली. दक्षिणेतले वृद्ध कृष्णवर्णीय लोक घरी सुईणीच्या हातून जन्मले होते, त्यांच्या जन्माची नोंदच झाली नव्हती. सगळी राज्यं जन्मनोंदणीच्या व्यवस्थेत यायला तिकडे १९३३ साल उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांनी कामगारांकडे नागरिकत्वाचा पुरावा मागितला, तेव्हा असंख्य गोऱ्या-काळ्या अमेरिकनांजवळ जन्मदाखला नव्हता. मग उशिरा नोंद करायची सोय झाली, आणि पुरावा म्हणून काय चालायचं ठाऊक आहे? घरातल्या बायबलच्या पानावर बापानं लिहून ठेवलेली मुलांची नावं आणि तारखा. हे वाचून मला आमच्या घरातली रेहल आठवली. अब्बांनी आम्हा भावंडांपैकी दोघांच्या तारखा कुराणाच्या वेष्टनात एका चिठ्ठीवर लिहून ठेवल्या होत्या. चिठ्ठी वाळवीनं खाल्ली. वाळवीला धर्म नसतो.

दुसऱ्या अडल्या त्या बायका. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, आत्ताच्या कार्डावर नवऱ्याचं. मधल्या दुव्यासाठी लग्नाचा दाखला दाखवायचा. दोनदा लग्न झालं असेल तर दोन दाखले आणि घटस्फोटाचा हुकूमनामा. साठ वर्षांच्या आजी आपल्या पहिल्या लग्नाचा कागद कुठल्या कोर्टातून मागवत बसल्या. आपल्याकडच्या भगिनींना हे काही नवं नाही. इथं तर सासरी गेल्यावर आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा तांदळात लिहून बदलायची रीत होती. अशी एखादी मराठी बाई तिकडे गेली, म्हणजे खिडकीतल्या माणसाला एकाच बाईच्या जागी तीन बायका दिसतात.

नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे जाणाऱ्या अशा कितीतरी मराठी बायका आहेत. अवलंबिताच्या व्हिसावर त्यांना बहुधा काम करता येत नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. मग नंबर मिळत नसल्याचं पत्र आणा, ते दाखवा. अमेरिकेतल्या उपनगरात दूध आणायचं तर गाडी लागते. परवाना मिळेपर्यंत एमए, एमकॉम झालेली बाई घरात बसून राहते. हे दुःख कोणत्या आकडेवारीत येत नाही, पण फोनवर बोलताना आयांना ते ऐकू येतं.

नावांची तर वेगळीच तऱ्हा. ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, त्याच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी तीन अक्षरं छापतात, 'एफ एन यू'. अर्थ, पहिलं नाव अज्ञात. बिचाऱ्याला मग कचेरीत 'मिस्टर फ्नू' म्हणून हाक मारतात. आमच्यात मोहम्मद हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात त्याला गणती नाही, शिवाय कारकुनानं कंटाळून नुसतं 'एमडी' लिहिलं तर माणूस परदेशात डॉक्टर होतो. मणेर आणि मणियार हे एकाच घरातले सख्खे भाऊ असू शकतात. मराठीत कान ऐकतो आणि समजून घेतो. संगणकाला कान नसतो, तो अक्षरं मोजतो.

आता मी फक्त एकच बाजू सांगू नये. परवाना देताना राज्यानं माणूस ओळखून घ्यावा, यात गैर काय? खोट्या नावानं परवाना काढून कोणी बँक लुटली, अपघात करून पळाला, तर त्रास सगळ्यांना. हे खरंच आहे. पण दुसरीही गोष्ट खरी आहे. २००१ च्या हल्लेखोरांपैकी बहुतेक जण रीतसर व्हिसा घेऊनच देशात आले होते. आणि ज्याला परवाना नाकारला तो रस्त्यावरून नाहीसा होत नाही, तो परीक्षेशिवाय आणि विम्याशिवाय गाडी चालवतो. हे ओळखून कॅलिफोर्नियानंच २०१३ मध्ये नवा कायदा केला आणि २०१५ पासून कायदेशीर वास्तव्याचा पुरावा न मागता वेगळ्या खुणेचा परवाना द्यायला सुरुवात केली. तीन-सव्वातीन वर्षांत दहा लाखांवर लोकांनी तो घेतला. तो विमानतळावर चालत नाही, पण रस्त्यावर चालतो. मॅसॅच्युसेट्समध्ये असाच कायदा झाला, लोकांनी २०२२ च्या मतदानात तो उचलून धरला आणि जुलै २०२३ पासून तो लागू झाला. १९०३ साली ज्या राज्यानं पहिल्यांदा परवाना दिला, ते एकशेवीस वर्षांनी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे आलं: तुला गाडी चालवता येते का?

आपल्याकडे काय? १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन कायदे झाले. १९८९ च्या नियमांत वयाच्या आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला, जन्मदाखला, पासपोर्ट, विम्याची पॉलिसी, सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या डॉक्टरनं दिलेला वयाचा दाखला, असे बरेच पर्याय ठेवले होते, आणि काहीच नसेल तर प्रतिज्ञापत्र. हे नियम करणाऱ्याला आपला देश माहीत होता. इथल्या माणसाकडे एक कागद नसतो, दुसरा असतो. मग २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आधारच्या कायद्यात मात्र स्पष्ट लिहिलं आहे, की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणजे 'तू कोण' आणि 'तू कुठला' हे दोन प्रश्न आपल्या कायद्यानंही वेगळे ठेवले आहेत. आणि २०२३ च्या दुरुस्तीनं ठरवलं, की १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून लायसन्सपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. आता गुरुजींची एक जून संपली. चांगलंच झालं. फक्त वाडी-वस्तीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद झाली, तरच चांगलं.

कागद नसण्याची भीती काय असते, ते मी २०१९-२० च्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत पाहिलं आहे. ट्रंका उघडल्या गेल्या, पोटमाळे झाडले गेले. सत्तरीचा एक म्हातारा माझ्याकडे आपल्या बापाची शेतसाऱ्याची पावती घेऊन आला. 'मास्तर, हे चालंल का?' मी मास्तर नाही, पण चार पुस्तकं लिहिलेला माणूस गावाला मास्तरच वाटतो. मला उत्तर देता आलं नाही. मी त्याला चहा दिला. तो पावती पुन्हा घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून गेला.

भाच्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्यानं प्रवेशाच्या नोंदीतलं नाव दुरुस्त करून घेतलं, पुन्हा रांगेत उभा राहिला, माहिती दिल्लीहून नव्हे पण वॉशिंग्टनहून पडताळून आली आणि शेवटी कार्ड आलं. त्यावरची अखेरची तारीख व्हिसाच्या अखेरच्या तारखेचीच होती. 'मामू,' तो म्हणाला, 'गाडी मला जन्मभर येणार, पण यांच्या हिशेबानं ती पुढच्या सप्टेंबरपर्यंतच येते.' हसत म्हणाला, पण तारीख त्याला पाठ होती. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला तर तिकडे २४० दिवसांपर्यंत नोकरी चालू ठेवता येते. पण परवाना त्याआधीच संपू शकतो. नोकरी आहे आणि नोकरीवर जायला गाडी नाही, असे दिवस कित्येकांनी काढले आहेत.

आता त्याला आईला तिकडे न्यायचं आहे. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला. ती शाळेत गेली नाही, म्हणून शाळेचा दाखला नाही. आधार काढताना तिनं अंदाजानं वय सांगितलं. नुसतं वय सांगितलं की यंत्र एक जानेवारी टाकतं. त्यामुळे आमच्या घरात थोरली एक जानेवारीची आणि धाकटा एक जूनचा. दोघांच्याही तारखा खोट्या, पण आम्ही दोघं खरे. रेशन कार्डावर तिचं नाव एक, मतदार यादीत दुसरं, आधारवर तिसरं. सध्या मी तिच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो आहे. राजपत्रात नाव द्यायचं आहे. तिला कळत नाही, की जिला अख्खं गाव 'आपा' म्हणून ओळखतं, तिनं ती स्वतःच आहे हे कोणाला आणि का सांगायचं.

म्हणून श्रोतेहो, दोनच विनंत्या. घरात बाळ जन्मलं की एकवीस दिवसांच्या आत नोंद करा, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. ही पहिली. दुसरी विनंती खिडकीच्या आत बसलेल्यांना. समोरचा कागद चुकीचा असेल, तर तो परत करताना एक वाक्य जास्त बोला: काय चुकलं आणि ते कुठं दुरुस्त होईल. माझ्या भाच्याला त्या बाईंनी तेवढं सांगितलं होतं. त्यांनी एका चिठ्ठीवर दुसऱ्या कचेरीचा पत्ता लिहून दिला, म्हणून तो आज गाडी चालवतो आहे.